मदरबोर्डवरील मूलभूत आज्ञावलीचा इतिहास : 'बायोस' ते 'युईएफआय' (शिंदखेडा परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना :
संगणक सुरू होताच मदरबोर्डवरील 'बायोस' ही आज्ञावली स्मृती, कळफलक व डिस्क यांची तपासणी करून कार्यप्रणालीकडे सूत्रे सोपविते. प्रस्तुत लेखात तिच्या विकासाचा व तिच्यावरील नियंत्रणाचा आढावा घेतला आहे.

ऐतिहासिक विकास :
'बायोस' ही संज्ञा गॅरी किल्डॉल यांनी १९७० च्या दशकात 'सीपी/एम' कार्यप्रणालीसाठी योजिली. १९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये बायोस रॉममध्ये बंदिस्त होता. बदल करावयाचा तर चिपच बदलावी लागे. १९८४ च्या पीसी-एटीमध्ये बॅटरीवर चालणारे घड्याळ व सीमॉस स्मृती आली. ही बॅटरी संपल्यास तारीख मागे जाते व केलेली मांडणी पुसली जाते. १९९० च्या दशकात फ्लॅश चिपमुळे फ्लॉपीवरून बायोस अद्ययावत करणे शक्य झाले.

या सोयीतून नवा धोकाही उद्भवला. २६ एप्रिल १९९९ रोजी तैवानमध्ये जन्मलेल्या 'सीआयएच' विषाणूने आशियातील असंख्य संगणकांची डिस्क व काहींचा बायोस नष्ट केला.

खानदेशातील संदर्भ :
१५ ऑगस्ट १९९० रोजी जळगाव येथे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. धुळे जिल्ह्यातील शिंदखेडा तालुका त्याच्याच कार्यक्षेत्रात येतो. २००१ पासून एमएस-सीआयटी अभ्यासक्रमामुळे संगणक तालुक्यांपर्यंत पोहोचला. त्याच दशकात ग्रामीण महाराष्ट्राने दीर्घ भारनियमन अनुभवले. बायोस लिहिला जात असताना वीज गेल्यास चिपमधील मजकूर अर्धवट राहतो व मदरबोर्ड निकामी होऊ शकतो. म्हणूनच महानगरातील किरकोळ काम येथे जोखमीचे ठरे.

नियंत्रणाचा प्रश्न :
इंटेलच्या 'ईएफआय'मधून विकसित झालेल्या 'युईएफआय'ची सूत्रे २००५ मध्ये स्वतंत्र मंचाकडे गेली. २०१२ च्या विंडोज ८ सोबत 'सिक्युअर बूट' रूढ झाले. स्वाक्षरीविना आज्ञावली सुरू होण्यास त्यामुळे अटकाव झाला. २०२१ च्या विंडोज ११ ने युईएफआय व टीपीएम २.० अनिवार्य केले, तर १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य संपले. परिणामी सुस्थितीतील अनेक जुने संगणकही कालबाह्य ठरतात.

निष्कर्ष :
बायोस प्रथम बंदिस्त, नंतर खुला आणि अखेर स्वाक्षरीने नियंत्रित झाला. सुरक्षितता वाढली, मात्र यंत्राचे आयुष्य ठरविण्याचा अधिकार बव्हंशी उत्पादकाकडे गेला. मर्यादित निधी असलेल्या ग्रामीण महाविद्यालयांनी जुने संगणक मोडीत काढण्यापूर्वी त्यांची सेटअपमधील मांडणी तपासावी; कित्येकदा आवश्यक सुविधा तेथे केवळ बंद ठेवलेली असते.