नभोवाणी, पुणे केंद्र : भोर–वेल्ह्याच्या मावळातील ग्रामीण प्रक्षेपण

नभोवाणी, पुणे केंद्र : आकाशवाणीचे पश्चिम महाराष्ट्रातील एक प्रमुख केंद्र. स्थापना २ ऑक्टोबर १९५३. पुणे शहराचे सांस्कृतिक जीवन घडविण्यात या केंद्राचा वाटा सर्वज्ञात आहे. तथापि त्याचे क्षेत्र शहरापुरते मर्यादित कधीच नव्हते. जिल्ह्याच्या नैर्ऋत्येस सह्याद्रीच्या रांगांत वसलेले भोर व वेल्हे (नवे नाव राजगड) हे तालुके त्याच्या प्रक्षेपणाच्या टापूत येतात. या डोंगराळ प्रदेशाच्या दृष्टीने पाहता केंद्राचा इतिहास म्हणजे कार्यक्रमांच्या बदलत्या स्वरूपाचा इतिहास होय. प्रत्येक बदलाबरोबर श्रोत्याचे स्थानही पालटत गेले. प्रथम तो उपदेश ऐकणारा होता, काही काळ तो चर्चेतील सहभागी झाला, पुढे ग्राहक बनला आणि अलीकडच्या काळात, निदान तत्त्वतः, त्याला स्वतःच प्रक्षेपक होण्याची मुभा मिळाली.

प्रदेश : भोर हे पूर्वीच्या भोर संस्थानाच्या राजधानीचे गाव पुण्याच्या दक्षिणेस सु. ५० किमी.वर नीरा नदीच्या काठी आहे. पंतसचिवांचे हे संस्थान १९४८ मध्ये तत्कालीन मुंबई राज्यात विलीन झाले, म्हणजे पुणे केंद्राच्या स्थापनेपूर्वी अवघी पाच वर्षे. हिरडस मावळ व गुंजण मावळ हे इतिहासप्रसिद्ध भाग याच परिसरातील. राजगड व तोरणा (उंची १,४०३ मी.) हे किल्ले वेल्हे तालुक्यात, तर रोहिडा व रायरेश्वर भोर तालुक्यात आहेत. वेळवंडी, गुंजवणी, कानंदी इ. नद्यांची खोरी अरुंद असून त्यांच्यामधील डोंगरसोंडा उंच आहेत. पाऊस भरपूर व भात हे मुख्य पीक. पावसाळ्यात अनेक वाड्यांचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटत असे. वृत्तपत्र वेळेवर न पोहोचणाऱ्या आणि साक्षरता अल्प असलेल्या अशा मुलखात ध्वनिक्षेपणाचे महत्त्व मैदानी भागापेक्षा अधिक होते.

प्रारंभीचा काळ : भारतात संघटित नभोवाणीचा प्रारंभ २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राने झाला. १९३६ मध्ये शासकीय सेवेस ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले. पुणे जिल्ह्यातील मराठी श्रोते १९५३ पर्यंत मुख्यतः मुंबई केंद्रावर अवलंबून होते. त्या काळातील ग्राही संच निर्वात नलिकांचे, किंमतीने भारी आणि आकाराने मोठे असत. वीज नसलेल्या गावी ते बॅटरीवर चालवावे लागत. त्यामुळे खेड्यातील रेडिओ ही व्यक्तीची नव्हे, तर गावाची मालमत्ता होती. चावडी, शाळा वा देऊळ अशा ठिकाणी ठेवलेला सार्वजनिक संच हे ग्रामीण श्रवणाचे पहिले रूप होय. आरंभीचे ग्रामीण कार्यक्रम शेती, आरोग्य, बाजारभाव, हवामान व लोकसंगीत यांचे मिश्रण असून त्यांत संवादरूपाने माहिती देण्यावर भर असे. माणदेशी जीवनाचे चित्रण करणारे कथाकार व्यंकटेश माडगूळकर हे १९५५ पासून दीर्घकाळ या केंद्राच्या ग्रामीण कार्यक्रमांचे निर्माते होते. ग्रामीण बोली व ग्रामीण माणूस यांची जाण असलेला लेखक या कामी लाभल्याने ते कार्यक्रम केवळ सरकारी सूचनापत्रके ठरले नाहीत.

गीतरामायण व ग्रामीण श्रोतृमंडळे : १९५५–५६ हे वर्ष केंद्राच्या इतिहासात दोन कारणांनी संस्मरणीय ठरले. पहिले कारण म्हणजे गीतरामायण. सीताकांत लाड यांच्या प्रेरणेने ग. दि. माडगूळकर यांनी रचलेली व सुधीर फडके यांनी स्वरबद्ध केलेली ही गीतमाला १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीपासून पुढील वर्षाच्या रामनवमीपर्यंत आठवड्यास एक याप्रमाणे प्रक्षेपित झाली. त्या वर्षी अधिक मास आल्याने गीतांची संख्या ५६ झाली. ठराविक वाराला ठराविक वेळी श्रोत्यांना एकत्र आणणारी साप्ताहिक मालिका हा नभोवाणीचा स्वतःचा कलाप्रकार असल्याचे तिने सिद्ध केले.

दुसरी घटना तुलनेने कमी परिचित, परंतु ग्रामीण भागाच्या दृष्टीने अधिक मूलगामी आहे. कॅनडात १९४१ पासून चालू असलेल्या शेतकरी श्रोतृमंडळांच्या धर्तीवर युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीने फेब्रुवारी ते एप्रिल १९५६ या काळात पुणे केंद्रावरून एक प्रयोग केला. पुणे जिल्ह्यासह पाच मराठी भाषी जिल्ह्यांतील सु. १५० गावांत प्रत्येकी सु. वीस सभासदांचे मंडळ स्थापण्यात आले. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, याप्रमाणे दहा आठवड्यांत वीस कार्यक्रम झाले. ‘ऐका, चर्चा करा, कृती करा’ हे प्रयोगाचे सूत्र होते. कार्यक्रम संपल्यावर मंडळ चर्चेस बसे. निमंत्रक चर्चेचा वृत्तांत व सभासदांचे प्रश्न केंद्राकडे पाठवी आणि त्यांची उत्तरे पुढील कार्यक्रमांतून दिली जात. एकमार्गी माध्यमास दुमार्गी करण्याचा हा प्रयत्न होता.

प्रयोगाचे मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने पॉल नॉइराथ यांच्या मार्गदर्शनाखाली केले. श्रोतृमंडळे असलेली गावे, केवळ रेडिओ असलेली गावे व रेडिओ नसलेली गावे यांची तुलना करण्यात आली. मंडळे असलेल्या गावांत माहितीची वाढ लक्षणीय होती. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती नगण्य आढळली. निष्कर्ष असा की, संच पुरविल्याने ज्ञान पोहोचत नाही. ऐकलेल्या गोष्टीवर बोलण्याची संधी मिळाली तरच ते रुजते. अनेक गावांत मंडळांच्या निर्णयाने विहिरी खोदल्या गेल्या, सुधारित जातीचे वळू व लेगहॉर्न कोंबड्या विकत घेण्यात आल्या आणि बालवाड्या सुरू झाल्या. मात्र सभासद बहुतांशी पुरुष होते. शेतीचे निम्मे कष्ट उपसणारा स्त्रीवर्ग चर्चेबाहेरच राहिला. प्रयोगाचा अहवाल युनेस्कोने १९५९ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच वर्षी योजना देशभर लागू झाली व १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत मंडळांची संख्या सु. १२,००० झाली. विस्तार झाला, पण मूळ प्रयोगातील देखरेख, संचांची निगा व प्रश्नांची तत्पर उत्तरे यांचे प्रमाण टिकले नाही. पुढील काळात मंडळे हळूहळू निष्क्रिय झाली.

ट्रान्झिस्टर व विविधभारती : माहिती व नभोवाणी मंत्री बा. वि. केसकर यांच्या धोरणामुळे १९५२ नंतर आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. त्यावर उपाय म्हणून ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविधभारती सेवा सुरू झाली. १ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबई, पुणे व नागपूर येथे तिच्यावरून जाहिरातींचे प्रक्षेपण सुरू झाले. याच सुमारास स्वस्त ट्रान्झिस्टर संच खेड्यांत पोहोचू लागले. चावडीवरील संच घरात, गोठ्यात व बांधावर गेला. ही सोय मोठी होती, परंतु तिच्यामुळे सामुदायिक श्रवणाची बैठक मोडली. गीत, जाहिरात, फर्माईश असा कार्यक्रमांचा नवा साचा तयार झाला. श्रोत्याचे पत्र अजूनही केंद्राकडे जाई, मात्र आता त्यात विहिरीविषयीच्या प्रश्नाऐवजी आवडत्या गाण्याची मागणी असे. मुख्य वाहिनीवर शेतीविषयक कार्यक्रम, बालोद्यान, संगीत व नाट्य यांची परंपरा चालू राहिली. पुण्याहून प्रक्षेपित होणारे सकाळचे मराठी बातमीपत्र तर राज्यभर ऐकले जाई. १९७३ मध्ये सिंहगडावरून मुंबई दूरदर्शनचे सहक्षेपण सुरू झाल्यावर सायंकाळचा श्रोता क्रमाने दूरचित्रवाणीकडे वळला.

तरंगांतर व त्याचे परिणाम : कार्यक्रमाचे स्वरूप प्रक्षेपणाच्या तंत्राशीही निगडित असते. पुणे केंद्राची मुख्य वाहिनी मध्यम तरंगांवर, ७९२ किलोहर्ट्‌झ या कंप्रतेवर प्रक्षेपित होत आली आहे. या तरंगाची लांबी सु. ३७९ मी. असल्याने तो भूपृष्ठाला धरून जातो व डोंगरसोंडांना वळसा घालून खोऱ्यांत उतरू शकतो. याउलट पुणे विविधभारतीच्या १०१ मेगॅहर्ट्‌झ या एफ. एम. वाहिनीच्या तरंगाची लांबी जेमतेम ३ मी. भरते. त्यावरील ध्वनी अधिक स्वच्छ व खरखरविरहित असला, तरी तो जवळजवळ सरळ रेषेत जातो आणि डोंगराच्या मागे त्याची ‘सावली’ पडते. २००१ नंतर देशात खाजगी एफ. एम. केंद्रे सुरू झाली; ती पुण्यातही आली. शहरी तरुण श्रोता, निवेदकाची अखंड बडबड, चित्रपटगीते व वाहतुकीची माहिती हे त्यांचे स्वरूप; स्वतंत्र वार्तांकनास त्यांना परवानगी नाही. त्यामुळे भोर–वेल्ह्याच्या दृष्टीने हा बदल दुहेरी वजाबाकीचा ठरला : तरंग डोंगराआड अडतो आणि जेथे तो पोहोचतो तेथे त्यावर खोऱ्याविषयी काही नसते. भाताच्या रोपवाटिकेचा सल्ला आणि अतिवृष्टीचा इशारा यांसाठी मध्यम तरंग हाच आधार राहिला.

अलीकडील घडामोडी : प्रसारभारती अधिनियम १९९० मध्ये संमत झाला व १९९७ मध्ये अंमलात आला. रेडिओ तरंग ही सार्वजनिक मालमत्ता होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला होता. त्यास अनुसरून सामुदायिक नभोवाणी केंद्रांची परवानगी २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना व २००६ मध्ये स्वयंसेवी संस्था आणि कृषी विज्ञान केंद्रांना देण्यात आली. पुणे विद्यापीठाचे ‘विद्यावाणी’, बारामतीचे ‘वसुंधरा वाहिनी’ व सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथील महिलांच्या पुढाकाराने उभे राहिलेले ‘माणदेशी तरंग वाहिनी’ ही आसपासच्या प्रदेशातील उदाहरणे होत. जून २०२३ मध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करण्याचा निर्णय झाला, परंतु व्यापक विरोधानंतर तो स्थगित करावा लागला. श्रोते विखुरले असले, तरी केंद्राशी असलेले त्यांचे नाते संपलेले नाही, हे त्यावरून दिसून आले.

समालोचन : पुणे केंद्राच्या सात दशकांच्या वाटचालीत साधने सतत सुधारत गेली, परंतु श्रोत्याला बोलते करण्याची जी पातळी १९५६ च्या दहा आठवड्यांत गाठली गेली, ती नंतर सातत्याने टिकली नाही. सामुदायिक केंद्राचा प्रक्षेपक अल्पशक्तीचा असतो व त्याचा पल्ला सामान्यतः १०–१२ किमी.चा. शहराच्या दृष्टीने ही उणीव असली, तरी गुंजवणी वा वेळवंडीसारख्या डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यास ते माप जवळजवळ बरोबर बसते. केंद्र खोऱ्यातच असेल, तर डोंगर प्रक्षेपणास अडसर न ठरता त्याची हद्द ठरतो. अशा केंद्रास श्रोतृमंडळांच्या चर्चेची जोड मिळाली व त्या चर्चेत स्त्रियांना बरोबरीचे स्थान लाभले, तर पुणे प्रयोगाचा अपुरा राहिलेला भाग मावळातच पूर्ण होऊ शकेल.