वैमानिकाचा थकवा आणि गाफीलपणा

अपुरी झोप, लांबलेली ड्युटी, रात्रीची उड्डाणे आणि सतत बदलणाऱ्या कामाच्या वेळा यांमुळे वैमानिकाची सावधता व निर्णयशक्ती मंदावते. या अवस्थेला वैमानिकाचा थकवा म्हणतात. यंत्रणा आजवर बिनबोभाट चालली, तशीच ती आताही चालत असेल असे गृहीत धरून तिच्यावरची नजर ढळू देणे म्हणजे गाफीलपणा. दोहोंची कारणे वेगळी, पण परिणाम एकच. विमानाची जागा, उंची आणि वेग यांचे भान सुटते. पूर्ण झोप झालेला वैमानिकही गाफील होऊ शकतो. दमलेल्याला मात्र स्वतःला सावरणे फार जड जाते.

शरीराचे जैविक घड्याळ पहाटे दोन ते सहा या वेळात सर्वांत मंद असते. रजेवरून ताजातवाना होऊन आलेला माणूसही या वेळात पेंगतो. सलग 17 तास जागे राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात 0.05 टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरते, असे 1997 मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आढळले. मद्य श्वासाच्या चाचणीत पकडता येते; थकवा मोजणारी तितकी सोपी चाचणी नाही. शिवाय दमलेल्याला आपण किती दमलो आहोत याचा अंदाज नीट येत नाही, त्यामुळे त्याच्या स्वतःच्या ग्वाहीवर विसंबणे धोक्याचे असते. गाढ झोपेतून उठल्यावर काही काळ मेंदू जडच राहतो. डोळे उघडे असतात, बोलणे चालू असते, पण हिशेब चुकतात.

भारतात याचे सर्वांत दुःखद उदाहरण मंगळूरचे आहे. 22 मे 2010 रोजी दुबईहून मध्यरात्रीनंतर निघालेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे बोइंग 737 विमान सकाळी सहाच्या सुमारास मंगळूरला उतरताना दरीत कोसळले. 166 पैकी 158 जणांचा मृत्यू झाला. एअर मार्शल (निवृत्त) भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली. कॉकपिटमधील दोन तास पाच मिनिटांच्या ध्वनिमुद्रणात पहिली एक तास चाळीस मिनिटे दोघा वैमानिकांत संवादच नव्हता. मधूनमधून कॅप्टनच्या घोरण्याचा आवाज होता. त्या दिवशी विमानतळाचे रडार बंद असल्याने विमानाला खाली येण्याची परवानगी उशिरा मिळाली. नुकताच जागा झालेला कॅप्टन, गरजेपेक्षा जास्त उंची आणि हातात थोडका वेळ, असे सगळे एकदम जुळून आले. सहवैमानिकाने तीनदा ‘गो अराउंड’, म्हणजे उतरणे सोडून पुन्हा वर चला, असे सुचवले. धोक्याची सूचना देणारी यंत्रणाही वारंवार बोलत होती. कॅप्टन तरीही उतरत राहिला. 2,450 मीटर लांबीच्या धावपट्टीवर चाके टेकली तेव्हा पुढे जेमतेम 850 मीटर उरले होते. त्यानंतरही त्याने ब्रेक सोडून पुन्हा उडण्याचा प्रयत्न केला.

नियमाप्रमाणे या कॅप्टनला उड्डाणापूर्वी पुरेशी विश्रांती मिळालेली होती, असे चौकशी अहवाल सांगतो. या विषयाची खरी अडचण इथेच आहे. नियम तासांची सुट्टी देऊ शकतात, झोप देऊ शकत नाहीत. परक्या शहरातल्या हॉटेलात भर दुपारी पडदे ओढून आडवे होणे ही रोस्टरच्या, म्हणजे ड्युटीच्या तक्त्याच्या, दृष्टीने विश्रांतीच असते. घरची परिस्थितीही रोस्टरला दिसत नाही. जानेवारी 2024 मध्ये इंडोनेशियात केंडारीहून जकार्ताला जाणाऱ्या बातिक एअरच्या विमानात दोन्ही वैमानिक 28 मिनिटे एकाच वेळी झोपी गेले. सहवैमानिकाच्या घरी महिन्याभराची जुळी मुले होती. विमान वाटेवरून भरकटले. ते सुखरूप उतरले हे त्यातील 153 प्रवाशांचे नशीब.

कॉकपिटमधली डुलकी मुळातच गुन्हा आहे, असेही नाही. ‘नासा’च्या 1994 च्या अहवालानुसार, लांब पल्ल्याच्या उड्डाणात वैमानिकांना आळीपाळीने 40 मिनिटांची ठरवून विश्रांती दिली, तेव्हा ते सरासरी 26 मिनिटे झोपले आणि नंतरच्या टप्प्यात, उतरतानाही, अधिक सावध राहिले. सहकाऱ्याला सांगून, वेळ ठरवून आणि उतरण्याच्या पुरेसे आधी उठून घेतलेली ही झोप ‘कंट्रोल्ड रेस्ट’ म्हणून काही देशांत मान्य आहे. मंगळूरची झोप लांबली आणि तिच्यातून सावरायला वेळ उरला नाही.

गाफीलपणाचा अभ्यासही जुना आहे. मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ यांनी 1948 मध्ये दाखवले की, क्वचितच बदलणाऱ्या काट्यावर नजर ठेवणाऱ्या माणसाची दक्षता पहिल्या अर्ध्या तासातच ढासळू लागते. ऑटोपायलटने वैमानिकाला नेमके हेच पहारेकऱ्याचे काम दिले. राजा परशुरामन आणि सहकाऱ्यांच्या 1993 च्या प्रयोगात, ज्यांचे यंत्र सदैव एकसारखे विश्वासू होते त्यांनाच त्यातले बिघाड कमी दिसले. कधी चुकणाऱ्या, कधी न चुकणाऱ्या यंत्रावर लोकांनी डोळा ठेवला. 29 डिसेंबर 1972 रोजी मायामीजवळ ईस्टर्न एअरलाइन्सच्या विमानातील वैमानिक पुढच्या चाकाच्या जळलेल्या दिव्यात गुंतले होते. ऑटोपायलटने उंची सोडल्याचे कोणाच्या लक्षात आले नाही आणि विमान दलदलीत आदळून शंभरहून अधिक माणसे गेली. 2009 मध्ये नॉर्थवेस्ट एअरलाइन्सचे एक विमान मिनियापोलिस ओलांडून दीडशे मैल पुढे गेले. वैमानिक झोपले असावेत असा सर्वांचा संशय होता. ते लॅपटॉपवर ड्युटी लावण्याची नवी पद्धत समजून घेत होते, असे त्यांनी सांगितले.

भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने (डीजीसीए) जानेवारी 2024 मध्ये सुधारित नियम काढले. साप्ताहिक विश्रांती 36 वरून 48 तास झाली, ‘रात्र’ पहाटे पाचऐवजी सहापर्यंत मोजली जाऊ लागली आणि रात्री उतरण्याची मर्यादा सहावरून दोनवर आली. कंपन्यांनी मुदत मागितली, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि अखेर जुलै व नोव्हेंबर 2025 अशा दोन टप्प्यांत नियम लागू झाले. डिसेंबरमध्ये इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली, कारण नव्या नियमांना पुरतील इतके वैमानिक कंपनीच्या वेळापत्रकात बसत नव्हते. रात्रीच्या काही तरतुदींतून कंपनीला फेब्रुवारी 2026 पर्यंत सूट देण्यात आली. प्रवाशांचे हाल खरे होते, पण त्यांचे खापर विश्रांतीच्या नियमावर फोडणे चूक आहे. नियम जवळपास दोन वर्षे आधी जाहीर झाला होता. याच नियमावलीत वैमानिकांच्या थकव्याच्या तक्रारी नोंदवून, त्यांची छाननी करून दर तीन महिन्यांनी डीजीसीएला कळवण्याचे बंधनही कंपन्यांवर आहे. तक्रार करणाऱ्यावर कारवाई होता कामा नये आणि त्याचे नाव गुप्त राहावे, अशी नियमावलीची अट आहे.