मिसुरीच्या दारातून अकरा वेळा परत

पत्रकारिता ही वर्गात बसून शिकायची गोष्ट आहे का, हा वाद जुना आहे. टिळक-आगरकर कुठल्या पत्रकारिता विद्यालयात गेले होते, असं आपल्याकडे अजूनही कुणी ना कुणी विचारतं. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतले संपादकही हेच विचारत होते. तरीही १९०८ मध्ये तिथल्या मिसुरी राज्याच्या विद्यापीठात वॉल्टर विल्यम्स या संपादकाने पत्रकारितेचं स्वतंत्र विद्यालय सुरू केलं. या प्रकारचं जगातलं पहिलं विद्यालय म्हणून ते ओळखलं जातं. गंमत म्हणजे स्वतः विल्यम्स कधी कॉलेजात शिकलेले नव्हते. छापखान्यात काम करत करत ते संपादक झाले, आणि पुढे त्याच विद्यापीठाचे अध्यक्षही झाले.

या विद्यालयाचं नाव लवकरच जगभर पसरलं. चीन-जपानमधून विद्यार्थी तिथे येऊ लागले. आपल्या देशाशीही त्याचं नातं आहे. १९४१ मध्ये लाहोरला पंजाब विद्यापीठात पत्रकारितेचा अभ्यासक्रम सुरू करणारे पी. पी. सिंग आणि १९५१ मध्ये म्हैसूरला तो सुरू करणारे नाडिग कृष्णमूर्ती, हे दोघेही मिसुरीत शिकलेले होते. म्हणजे भारतातलं पत्रकारितेचं शिक्षण काही अंशी तरी मिसुरीच्या रोपातून वाढलं. ही ओळख मुद्दाम करून देतो आहे. कारण ज्या काळात परदेशी विद्यार्थ्यांना हे दार उघडं होतं, त्याच काळात मिसुरीतच राहणाऱ्या, तिथेच कर भरणाऱ्या कृष्णवर्णीय नागरिकांना ते बंद होतं.

ते दार ठोठावणाऱ्या बाईंचं नाव होतं ल्यूसील ब्लूफर्ड. त्यांचा जन्म १९११ चा. लहानपणीच कुटुंब मिसुरीतल्या कॅन्सस सिटीला आलं. वडील शिक्षक होते. शेजारच्या कॅन्सस राज्याच्या विद्यापीठात कृष्णवर्णीयांना प्रवेश मिळत असे, म्हणून त्या तिकडे गेल्या आणि १९३२ मध्ये पत्रकारितेची पदवी घेऊन आल्या. पुढे ‘कॅन्सस सिटी कॉल’ या साप्ताहिकात त्या रुजू झाल्या. चेस्टर फ्रँकलिन यांनी १९१९ मध्ये काढलेलं हे कृष्णवर्णीयांचं पत्र. मोठ्या पत्रांत कृष्णवर्णीय माणूस आला तर तो बहुधा गुन्ह्याच्या बातमीत. त्यांची लग्नं, परीक्षेतलं यश, त्यांच्यावरचा अन्याय छापायला अशी स्वतःची पत्रंच लागत.

ही परंपराही जुनी होती. न्यूयॉर्कला ‘फ्रीडम्स जर्नल’ हे कृष्णवर्णीयांचं पहिलं पत्र निघालं ते १८२७ मध्ये, म्हणजे बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’च्या पाच वर्षं आधी. आपली बाजू फार काळ दुसऱ्यांनी मांडली, आता आम्हीच मांडू, हा त्यामागचा विचार. आपल्याकडे १८७७ मध्ये कृष्णराव भालेकरांनी ‘दीनबंधु’ काढलं आणि १९२० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’, त्यामागेही हीच गरज होती.

तर ब्लूफर्ड बाईंनी १९३९ च्या सुरुवातीला मिसुरीच्या पत्रकारिता विद्यालयात पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी अर्ज केला. गुणपत्रिका उत्तम, अनुभव पक्का. विद्यापीठाने प्रवेश मान्य केल्याचं कळवलं. कागदावर कातडीचा रंग दिसत नव्हता. जानेवारीच्या अखेरीस त्या नाव नोंदवायला प्रत्यक्ष गेल्या, तेव्हा कुलसचिवांनी त्यांना परत पाठवलं. पुढच्या काही वर्षांत त्यांनी एकूण अकरा वेळा प्रयत्न केला. अकराही वेळा उत्तर एकच.

हा हट्ट एकटीचा नव्हता. काही आठवड्यांपूर्वीच, डिसेंबर १९३८ मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लॉइड गेन्स या तरुणाच्या खटल्यात निकाल दिला होता. त्याला याच विद्यापीठात कायदा शिकायचा होता. मिसुरी सरकारचं म्हणणं असं, की आम्ही फीचे पैसे देतो, तू दुसऱ्या राज्यात जाऊन शीक. न्यायालयाने सांगितलं, की गोऱ्या विद्यार्थ्याला राज्यात जे शिक्षण मिळतं ते कृष्णवर्णीयालाही राज्यातच मिळालं पाहिजे. निकाल मोठा होता. पण त्यात एक पळवाट होती. विद्यार्थ्याला त्याच वर्गात बसवा, असं न्यायालयाने म्हटलं नव्हतं. वेगळी सोय केली तरी चालणार होतं. आणि गेन्स स्वतः मार्च १९३९ मध्ये शिकागोतून नाहीसा झाला. त्याचं काय झालं, हे कधीच उलगडलं नाही.

सरकारने त्या पळवाटेचा पुरेपूर उपयोग केला. लिंकन विद्यापीठ हे राज्यातलं कृष्णवर्णीयांसाठीचं विद्यापीठ. त्याच्या नावाने सेंट लुइसला भाड्याच्या इमारतीत कायद्याचं विद्यालय उघडण्यात आलं. ब्लूफर्ड बाईंनी खटला भरला. चार्ल्स ह्यूस्टन या नामवंत कृष्णवर्णीय वकिलांनी तो लढवला. १९४१ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की बाईंनी आधी लिंकन विद्यापीठाकडे अशा अभ्यासक्रमाची मागणी करायला हवी होती आणि त्या विद्यापीठाला तो उभा करायला वाजवी वेळ मिळायला हवा. मग १९४२ मध्ये लिंकन विद्यापीठात पत्रकारितेचं विद्यालय घाईघाईने सुरू झालं. त्याच सुमारास मिसुरीच्या मूळ विद्यालयाने युद्धामुळे विद्यार्थी आणि अध्यापक उरले नाहीत, असं कारण देऊन पदव्युत्तर अभ्यासक्रमच थांबवला. जिथे जायचं होतं तो वर्गच उरला नाही.

ब्लूफर्ड बाई मिसुरीत कधीच शिकल्या नाहीत. १९५५ मध्ये फ्रँकलिन वारले आणि त्या ‘कॉल’च्या संपादक झाल्या. २००३ मध्ये निधन होईपर्यंत त्यांचं नातं या एकाच पत्राशी राहिलं. मिसुरी विद्यापीठाने कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश दिला तो १९५० मध्ये.

आता प्रश्न असा, की एका बाईला एका वर्गात बसू दिलं नाही, याने वाचकांचं काय बिघडलं? याचं उत्तर ऑगस्ट १९६५ मध्ये मिळालं. लॉस एंजलिसमध्ये वॉट्स या कृष्णवर्णीय वस्तीत दंगल उसळली. ‘लॉस एंजलिस टाइम्स’सारख्या बलाढ्य पत्राकडे त्या वस्तीत जाऊ शकेल असा एकही कृष्णवर्णीय बातमीदार नव्हता. शेवटी जाहिरात विभागातला रॉबर्ट रिचर्डसन हा चोवीस वर्षांचा तरुण आत गेला आणि सार्वजनिक टेलिफोनवरून डोळ्यांनी पाहिलेलं सांगत राहिला. त्या वार्तांकनाला पुढच्या वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळालं. पण आपल्याच शहराचा एक मोठा भाग आपल्याला ठाऊक नाही, हे त्या दिवसांत उघड झालं.

दंगलींची कारणं शोधायला अध्यक्ष जॉन्सन यांनी १९६७ मध्ये कर्नर आयोग नेमला. १९६८ च्या अहवालात वृत्तपत्रांवर एक पूर्ण प्रकरण आहे. बातम्यांच्या व्यवसायातल्या संपादकीय नोकऱ्यांमध्ये कृष्णवर्णीयांचं प्रमाण ५ टक्क्यांहून कमी, आणि संपादक वा वरिष्ठ जागांवर १ टक्क्याहूनही कमी, असं आयोगाने नोंदवलं. अशी माणसं शोधण्यात, त्यांना शिकवण्यात आणि वर चढवण्यात हा व्यवसाय फारच मागे राहिला, असा ठपकाही ठेवला. संपादक म्हणत, शिकलेली माणसंच मिळत नाहीत. ती का मिळत नव्हती, हे मिसुरीच्या कुलसचिवांना विचारायला हवं होतं!

त्यानंतर हालचाल झाली. १९६८ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात फ्रेड फ्रेंडली या नामवंत टीव्ही पत्रकाराच्या पुढाकाराने आणि फोर्ड फाउंडेशनच्या पैशाने अल्पसंख्य समाजांतल्या तरुणांसाठी खास वर्ग सुरू झाला. काही आठवड्यांचं कसून शिक्षण, आणि लगेच नोकरी. पण १९७४ मध्ये तो बंद पडला. तिथे शिकवणारे रॉबर्ट मेनार्ड आणि त्यांचे सहकारी स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी तो वर्ग १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात बर्कलीला नेला आणि १९७७ मध्ये पत्रकारिता शिक्षणासाठी स्वतःची संस्था काढली. मेनार्ड यांनी सोळाव्या वर्षी शाळा सोडली होती. पुढे ‘ओकलंड ट्रिब्यून’ हे शहरातलं मोठं पत्र १९८३ मध्ये विकत घेऊन ते त्याचे मालक-संपादक झाले. या संस्थेने एक गोष्ट नीट ओळखली. बातमीदार घडवून भागत नाही. काय छापायचं आणि कुणाला नेमायचं हे जे ठरवतात, त्या खुर्च्यांपर्यंत माणसं पोचली पाहिजेत. म्हणून तिने संपादनाचे आणि व्यवस्थापनाचेही वर्ग काढले.

पण त्याही मागे आणखी एक खुर्ची असते, ती शिकवणाऱ्याची. पाठ्यपुस्तक कोण लिहितं? पत्रकारितेचा इतिहास कुठून सुरू करायचा, हे कोण ठरवतं? लायोनेल बॅरो या कृष्णवर्णीय संशोधकाने हा प्रश्न धसाला लावला. पत्रकारितेच्या अध्यापकांची तिथली संघटना १९१२ सालची. १९६८ मध्ये बॅरो यांनी त्या संघटनेला अल्पसंख्यांच्या शिक्षणासाठी समिती नेमायला लावली. त्यातूनच या विषयाचा स्वतंत्र विभाग उभा राहिला. पीएचडी करणाऱ्या अल्पसंख्य विद्यार्थ्यांसाठी त्यांच्या नावाची शिष्यवृत्तीही आहे. प्राध्यापक व्हायला पीएचडी लागते, पीएचडीला चार-पाच वर्षं लागतात, आणि तेवढी वर्षं कमाईविना काढणं गरीब घरातल्या मुलाला परवडत नाही. शिष्यवृत्तीचं महत्त्व यात आहे. स्वतः बॅरो पुढे हॉवर्ड विद्यापीठात संज्ञापन विद्यालयाचे अधिष्ठाता झाले. ‘फ्रीडम्स जर्नल’चा इतिहास त्यांनी अभ्यासून मांडला.

याचा परिणाम झाला का? झाला, पण ठरवल्याइतका नाही. २००० सालापर्यंत वृत्तपत्रांतल्या अल्पसंख्यांचं प्रमाण लोकसंख्येइतकं करू, असं अमेरिकन संपादकांच्या संघटनेने १९७८ मध्ये जाहीर केलं. तेव्हा ते सुमारे ४ टक्के होतं. २००० मध्ये ते सुमारे १२ टक्क्यांवर आलं. लोकसंख्येतला त्यांचा वाटा मात्र त्याच्या दुपटीहून जास्त होता. मुदत तोवर २०२५ पर्यंत वाढवून झाली होती. शिकवणाऱ्यांच्या बाबतीतही वाट सरळ नाही. २०२१ मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने पुलित्झर विजेत्या निकोल हॅना-जोन्स यांना अध्यासनावर बोलावलं, पण आधीच्या मानकऱ्यांना मिळालेली कायम नेमणूक त्यांना सुरुवातीला दिली नाही. गदारोळ झाल्यावर ती देऊ केली, तेव्हा त्यांनी ती नाकारली आणि त्या हॉवर्ड विद्यापीठात शिकवायला गेल्या.

आपल्याकडे हा प्रश्न पोचवला तोही एका कृष्णवर्णीय अमेरिकन पत्रकाराने. केनेथ कूपर हे ‘वॉशिंग्टन पोस्ट’चे दिल्लीतले प्रतिनिधी. १९९६ मध्ये त्यांनी बी. एन. उनियाल या ज्येष्ठ पत्रकाराला विचारलं, मला एखाद्या दलित पत्रकाराशी बोलायचं आहे, गाठ घालून द्याल का? उनियाल शोधू लागले. तीस वर्षांच्या व्यवसायात आपल्याला एकही भेटला नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. केंद्र सरकारची मान्यता असलेल्या ६८६ पत्रकारांची यादी त्यांनी तपासली. त्यात ४५४ जणांची आडनावंच जात सांगणारी होती, आणि त्यांत दलित कुणी नव्हता. उरलेल्यांपैकी ४७ जणांना त्यांनी फोन केले. त्यांतही कुणी नव्हता. उनियाल यांनी हे सगळं ‘पायोनियर’मध्ये लिहिलं. पुढे २०१९ मध्ये ऑक्सफॅम आणि न्यूजलाँड्री यांनी पाहणी केली, तेव्हा माध्यमांतल्या १२१ वरिष्ठ जागांपैकी १०६ जागांवर सवर्ण आढळले. अनुसूचित जाती-जमातींचं त्या जागांवर कुणीच नव्हतं.

‘मूकनायक’च्या महाराष्ट्राने हे आकडे दिल्लीचे म्हणून बाजूला ठेवू नयेत. आपल्या पत्रकारिता विभागांत राखीव जागांवर मुलं-मुली येतात, शिकतात. पुढे त्यांतल्या किती जणांना वृत्तपत्रात जागा मिळते, किती पीएचडीपर्यंत टिकतात, आणि किती त्याच वर्गात शिकवायला परत येतात, हे मोजायला हवं. प्रवेश ही पहिली पायरी झाली. मधल्या वर्षांत पाठीशी उभं राहणारं कुणी लागतं.

१९८९ मध्ये, पहिल्या अर्जानंतर बरोबर पन्नास वर्षांनी, मिसुरी विद्यापीठाने ल्यूसील ब्लूफर्ड यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. ज्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना या विद्यापीठाने इतकी वर्षं परत पाठवलं, त्या सगळ्यांच्या वतीने त्यांनी ती स्वीकारली. आता तिथल्या एका वसतिगृहाला त्यांचं नाव आहे. पण ज्या वयात त्या विद्यार्थिनी म्हणून आल्या होत्या, त्या वयात त्यांना तिथे प्रवेश मिळाला असता, तर पुढे तिथल्याच वर्गांत त्यांनी किती जणांना शिकवलं असतं, याचा हिशेब आता कुणालाच मांडता येणार नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)