अंगण कुणाचे, पाळणा कुणाचा?

शिरूर-दौंडच्या ऊसपट्ट्यात तोडणीचा हंगाम सुरू झाला की फडाच्या कडेला कोप्या उभ्या राहतात. काळोखातच आई-बाप फडात उतरतात. तान्हे मूल बांधावरच्या झोळीत, आणि त्याच्यावर लक्ष ठेवायला त्याची सहा-सात वर्षांची बहीण. फडावरचे पाळणाघर ते हेच. आणि ते चालविणारी स्वतःच शाळेबाहेर! बालशिक्षणाचा इतिहास आपण या बांधावर उभे राहून वाचला पाहिजे.

मारिया माँटेसरी यांनी 1907 साली आपले पहिले बालगृह उघडले ते रोममधील सान लोरेन्झो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत. गरिबांच्या मुलांत सिद्ध झालेली ही पद्धती आपल्याकडे मात्र पुष्कळदा शहरातील सुस्थित घरांपुरतीच राहिली. ताराबाई मोडक यांनी ही चौकट मोडली. गिजुभाई बधेका यांच्यासह 1926 साली नूतन बालशिक्षण संघ स्थापणाऱ्या ताराबाई 1945 साली बोर्डीस गेल्या. अनुताई वाघ त्यांना तेथे येऊन मिळाल्या. दलित वस्तीतील मुले बालवाडीत येत नाहीत हे दिसताच त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. मुलांना न्हाऊ-माखू घालणे, गाणी, गोष्टी, आसपास मिळणाऱ्या वस्तूंची खेळणी, असे संगोपन आणि शिक्षण तेथे एकच झाले. पुढे कोसबाडला, गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा निघाली. मूल का येत नाही, याचा जाब मुलाला न विचारता संस्थेने स्वतःला विचारला. पाळणाघराचा दर्जा मोजण्याची खरी कसोटी हीच होय.

2 ऑक्टोबर 1975 रोजी सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना 33 प्रकल्पांत सुरू केली, महाराष्ट्रात धारणीपासून. अंगणवाडी देशभर पोचली, ही सामान्य गोष्ट नव्हे. परंतु जी बाई मुलांना भरविते, शिकविते, ती 'सेविका' ठरली. तिला वेतन नव्हे, मानधन मिळाले. तिचा ग्रॅच्युइटीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने मान्य करण्यास 2022 साल उजाडावे लागले.

आईच्या श्रमाचा आणि मुलाच्या संगोपनाचा संबंध बाबासाहेबांनी फार पूर्वी ओळखला होता. 1928 साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना, स्त्रीच्या श्रमावर नफा मिळविणाऱ्या मालकाने तिच्या विश्रांतीचा भारही उचलला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. 1948 च्या कारखाना कायद्याने 50 हून अधिक स्त्रिया असतील तेथे पाळणाघर सक्तीचे केले. 1976 च्या दुरुस्तीने ही मर्यादा 30 वर आणली. पण ऊसतोडणी होते कारखान्याच्या भिंतीबाहेर, आणि उचल मिळते मुकादमाच्या हातून. नवरा-बायको मिळून 'एक कोयता'! जेथे बाईची कामगार म्हणून स्वतंत्र गणतीच नाही, तेथे तिच्या मुलाचा पाळणा कोण मोजणार?

म्हणून मागणी दयेची नाही, मोजणीची आहे. बोर्डीला बालवाडी अंगणात गेली. शिरूर-दौंडला ती फडावर गेली पाहिजे, पहाटे, कोयत्याच्या वेळेला. झोळी हलविणाऱ्या त्या बहिणीचे हात मोकळे होतील, तेव्हाच तिच्या हाती पाटी येईल.