खोटे भाऊ, खरी भाऊबंदकी

‘बंधुभाव’ आणि ‘भाऊबंदकी’ हे दोन्ही शब्द एकाच नात्यातून निघाले. एकाचा अर्थ प्रेम, दुसऱ्याचा वैर. त्यातला दुसरा आपल्या समाजाने अधिक अनुभवला आहे. १७७३ साली झालेल्या नारायणराव पेशव्यांच्या खुनाभोवती कृ. प्र. खाडिलकरांनी नाटक रचले, तेव्हा त्याला ‘भाऊबंदकी’ (१९०९) हेच नाव दिले. अमेरिकेतील व्यावसायिक कुस्तीने रचलेली भावाभावांची वैरे आपल्याकडच्या प्रेक्षकाने इतक्या सहजपणे का स्वीकारली, या प्रश्नाचे उत्तर शोधताना हा शब्द हाताशी ठेवावा लागतो.

लाल मातीतल्या कुस्तीला कथा लागत नाही. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात दोन तालमींचे मल्ल समोरासमोर आले की तालमीचा लौकिक, वस्तादाचे नाव आणि निकालाची अनिश्चितता एवढ्यावर मैदान भरते. निकाल आधीच ठरलेला असेल तर आपण तिला तुच्छतेने ‘नुरा कुस्ती’ म्हणतो. मुंबईत १९६८ साली दारासिंग आणि लू थेझ यांची लढत झाली, तेव्हाही देशी विरुद्ध परदेशी एवढे कथानक पुरेसे होते. दारासिंग यांचे धाकटे बंधू रंधावा हेही मल्लच होते. पण भावाला भावासमोर उभे करण्याची गरज त्या काळच्या खेळाला भासली नाही.

अमेरिकेत ही गरज निर्माण झाली, कारण तिथे निकाल ठरवलेलाच असे. हा खेळ स्पर्धा नसून करमणूक आहे, हे डब्ल्यूडब्ल्यूएफ या कंपनीने १९८९ साली न्यू जर्सी राज्यात स्वतःच मान्य केले. अनिश्चितता गेली की तिची जागा दुसऱ्या एखाद्या ताणाने भरावी लागते, आणि रक्ताचे नाते हा सर्वांत हुकमी ताण. जेरी आणि एडी ग्रॅहम हे १९५०च्या दशकातले ‘भाऊ’ एकमेकांचे कुणीच नव्हते. पण ते एकाच बाजूने लढत. १९९४ साली ब्रेट आणि ओवेन हार्ट हे सख्खे भाऊ परस्परांविरुद्ध उभे राहिले. नाते खरे होते, धाकट्याचा मत्सर मात्र रचलेला होता. १९९७ साली याच्याही पुढची पायरी आली : नातेही रचलेले, वैरही रचलेले.

ती अंडरटेकर आणि केन यांची कथा. लहानपणी घराला आग लागली, आईवडील गेले, धाकटा भाऊही गेला असे थोरला समजत राहिला. तो धाकटा चेहऱ्यावर मुखवटा चढवून परत आला. आग थोरल्यानेच लावली, हा त्याच्या बाजूचा आरोप. ५ ऑक्टोबर १९९७ रोजी त्याने पोलादी पिंजऱ्याचे दार उखडून प्रवेश केला. त्यानंतर कित्येक महिने थोरला सख्ख्या भावावर हात उचलायला तयार नव्हता. २९ मार्च १९९८ रोजी दोघांची लढत झाली. मार्क कॅलवे आणि ग्लेन जेकब्स या दोन गृहस्थांचा एकमेकांशी रक्ताचा काडीमात्र संबंध नव्हता.

दूरचित्रवाणीवर हे पाहणाऱ्या मराठी मुलाला यात परके काय वाटावे? वाली आणि सुग्रीव यांचे मल्लयुद्ध त्याला ठाऊक होते. दोघे दिसायला इतके सारखे की रामाला नेम धरता येईना, म्हणून सुग्रीवाच्या गळ्यात वेलीची माळ घालावी लागली. ‘मृत्युंजय’ आणि ‘राधेय’ यांनी टाकून दिलेल्या भावाची बाजू घ्यायला त्याच्या घरच्यांना शिकवलेच होते. केन हा या अर्थाने कर्णाच्या जातीचा. फरक आहे तो ज्ञानाच्या क्षणाचा. अर्जुनाला नाते कळते ते कर्ण पडल्यावर. इथे थोरल्याला ते लढतीआधीच कळलेले असते. त्यामुळे शोकांतिकेची अपरिहार्यता जाते, पण समेटाची शक्यता उघडते. पुढे २००१ साली हेच दोघे जोडीने अजिंक्यपद मिरवतात.

‘पण हे सगळे खोटे आहे’ हा आक्षेप आपल्या पालघर जिल्ह्यात तरी फारसा टिकू नये. जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात मुखवट्यामागे गावातलाच माणूस आहे हे प्रत्येकाला माहीत असते. तरी सोंग समोर आले की हात जोडले जातात. जाणणे आणि मानणे या वेगळ्या क्रिया आहेत, आणि प्रेक्षक त्या एकाच वेळी करू शकतो. २००३ साली केनचा मुखवटा उतरला, पुढे २०१८ साली तो माणूस टेनेसीतल्या नॉक्स काउंटीचा महापौर झाला; तरी चाहत्यांच्या लेखी तो अंडरटेकरचा भाऊच राहिला.

या स्वीकारामागे केवळ भोळेपणा नाही. आपल्या आसपासची भाऊबंदकी सातबाऱ्याच्या उताऱ्यावर आणि कोर्टाच्या तारखांवर चालते. तिला प्रेक्षक नसतात, शेवट नसतो; ज्या भावांचे बोलणे थांबले ते मयतीलाच समोरासमोर येतात. रिंगमधले खोटे भाऊ मात्र सर्वांदेखत आरोप करतात, सर्वांदेखत लढतात आणि एखाद्या संध्याकाळी सर्वांदेखत एकमेकांच्या मदतीलाही धावतात. ओवेन हार्ट २३ मे १९९९ रोजी कॅन्सस सिटीत प्रवेशाच्या एका प्रसंगात उंचावरून कोसळून गेला, तेव्हा रचलेल्या वैरामागचे खरे भाऊपण अचानक उघडे पडले. चाहते त्या रात्री हळहळले ते कथेतल्या मत्सरी धाकट्यासाठी की ब्रेटच्या सख्ख्या भावासाठी, हे वेगळे काढणे अवघड आहे. नाते खोटे असले तरी त्यात गुंतवलेली माया खोटी नसते.