स्टेशनपासून किती लांब?

मागच्या वर्षी मुंबईत भाड्याचं घर शोधताना मी एक एक्सेल शीट केली होती. एका रकान्यात स्टेशनपासूनचं अंतर, दुसऱ्यात घराची अवस्था: ओल, पाण्याची वेळ, संडास आत की बाहेर. संख्याशास्त्र शिकल्याची खोड. दोन्हींचा आलेख काढला, पण रेषा काही दिसेना. नुसते विखुरलेले ठिपके.

हाच प्रश्न शंभर वर्षांपूर्वी शिकागोत विचारला गेला होता. १८९०मध्ये ११ लाखांचं असलेलं ते शहर १९३०पर्यंत जवळपास ३४ लाखांवर गेलं. तिथल्या विद्यापीठातल्या अर्नेस्ट बर्जेसनं १९२५मध्ये शहराची पाच वर्तुळं काढली. मध्यभागी 'लूप', म्हणजे बाजारपेठ आणि ऑफिसं. त्याला लागून पडकी घरं आणि भाड्याच्या खोल्या. मग कामगारांची घरं, मग मध्यमवर्गाची आणि शेवटी रोज गाडीनं शहरात ये-जा करणाऱ्यांची उपनगरं. बाहेर जाल तसं घर सुधारत जातं. कारणही पटण्यासारखं होतं: बाजारपेठ आपल्याकडे सरकेल आणि जमिनीला सोन्याचा भाव येईल, या आशेवर बसलेला मालक जुन्या घराच्या दुरुस्तीवर पैसा कशाला घालेल?

आता हे तपासायचं कसं? प्रत्येक वर्तुळातल्या घरांची सरासरी काढून चालत नाही. एकाच वर्तुळातल्या घरांमध्ये किती तफावत आहे, तेही बघावं लागतं. ती तफावत दोन वर्तुळांमधल्या फरकापेक्षा मोठी निघाली, तर निव्वळ अंतर फारसं काही सांगत नाही.

शिकागोत याचा पुरावा लूपच्या उत्तरेलाच होता. हार्वी झोरबॉ यानं १९२९मध्ये त्या भागावर पुस्तक लिहिलं. तळ्याकाठी 'गोल्ड कोस्ट', धनिकांचे वाडे. तिथून जेमतेम मैलभर पश्चिमेला इटालियन मजुरांची वस्ती. लूपपासूनचं अंतर जवळपास तेच, जग वेगळं. आपल्याकडे फोर्टपासून मलबार हिल आणि कामाठीपुरा मोजून बघा.

मंदीच्या काळात सरकारनं माणसं नेमून अमेरिकन शहरांत घरोघरी पाहणी केली: भाडं किती, दुरुस्ती हवी का, स्वतंत्र न्हाणीघर आहे का, राहणारे कोणत्या वंशाचे. होमर हॉयट या अर्थतज्ज्ञानं १४२ शहरांची अशी माहिती तपासली. १९३९च्या त्याच्या अहवालानं वर्तुळं मोडीत काढली. महाग वस्त्या कलिंगडाच्या फोडीसारख्या, एकाच दिशेनं केंद्रापासून बाहेर पसरतात, असं त्याला दिसलं. अंतरापेक्षा दिशा महत्त्वाची.

इथवर हे चांगलं विज्ञान आहे. पण हॉयट तेव्हा घरकर्जांना हमी देणाऱ्या सरकारी खात्यात, फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये होता. आधी १९३३च्या पुस्तकात त्यानं जमिनीच्या भावावर कोणत्या लोकांमुळे काय परिणाम होतो, याची उतरंड छापली होती. वर इंग्रज, जर्मन. तळाशी काळे आणि मेक्सिकन. ही उतरंड त्यानं एका घरांच्या दलालाकडून घेतली होती. शास्त्रीयदृष्ट्या ती चुकीची असेलही, पण बाजारात असंच चालतं, असं त्याचं म्हणणं.

त्या खात्याच्या नियमांतही हाच विचार होता. काळ्यांच्या वस्तीतल्या घरांना कर्जाची हमी बहुतेक मिळत नसे. कर्ज नाही म्हणून दुरुस्ती नाही, दुरुस्ती नाही म्हणून घर पडकं, आणि पुढच्या पाहणीत त्याच वस्तीचे आकडे वाईट. आधी दलालाचं मत, मग तज्ज्ञाचा तक्ता, मग सरकारी नियम आणि शेवटी खरोखरच गळणारं छप्पर. घर देताना वंश बघण्यावर कायद्यानं बंदी यायला १९६८ उजाडलं.

हे वाचल्यावर मी माझी शीट पुन्हा उघडली. त्यातलं एक घर मला खूप आवडलं होतं. स्टेशनपासून सात मिनिटं, भरपूर उजेड. एजंटनं फोनवर विचारलं, "आडनाव काय? नॉनव्हेज खाता?" मी दोन्ही खरं सांगितलं. संध्याकाळी त्याचा मेसेज आला, 'घर गेलं.' जाहिरात मात्र पुढे तीन आठवडे ॲपवर होती.

शीटमध्ये मी तिसरा रकाना वाढवला: 'आडनाव विचारलं का?' आता ठिपके तेवढे विखुरलेले वाटत नाहीत.