पंचरंगी सामने आणि गेटचा पैसा

शहादे तालुक्यातील म्हसावद हे सातपुड्याच्या पायथ्याचे गाव. उत्तरेस डोंगर, दक्षिणेस तापीचे खोरे. या गावातील क्रिकेट खेळणारा एखादा तरुण कोणत्या संघाचा, हा प्रश्न वरवर पाहता पोरकट वाटेल. परंतु त्याचे उत्तर गेल्या शतकात कित्येक वेळा बदलले आहे. १९४९ पूर्वी खानदेशातील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती. तेव्हा कॉलेजात जाणारा खेळाडू मुंबई विद्यापीठाच्या संघात शिरण्यासाठी धडपडत असे. १९४९ साली पुणे विद्यापीठ निघाले आणि खानदेश तिकडे गेला. १९९० साली जळगावास उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा पुन्हा नवा संघ आणि नवे प्रतिस्पर्धी. जिल्ह्याचे नावही आधी पश्चिम खानदेश, मग धुळे आणि १९९८ च्या १ जुलैपासून नंदुरबार असे पालटले. प्रांतिक क्रिकेटात मात्र हा मुलूख पुण्याच्या महाराष्ट्र संघाकडे येतो, मुंबईकडे नव्हे.

खेळाडूंचे गट कोण पाडतो, आणि पाडताना त्याची नजर कशावर असते? याचा सर्वांत बोलका इतिहास मुंबईच्या मैदानावर घडला आहे. लोक त्यास आधी तिरंगी, मग चौरंगी आणि शेवटी पंचरंगी सामने म्हणत.

आरंभ पारशांनी केला. त्यांचा ओरिएंटल क्रिकेट क्लब १८४८ साली निघाला. मुंबईच्या मैदानावर त्या काळी युरोपियनांचे घोडे पोलो खेळण्यास येत आणि देशी मुलांची खेळपट्टी तुडवून जात. त्याविरुद्ध अर्जविनंत्या झाल्या, वर्तमानपत्रांतून कडाक्याचे वाद झाले. युरोपियनांचा बॉम्बे जिमखाना १८७५ चा. १८७७ साली त्यांच्याशी पारशांचा पहिला सामना झाला. १८८६ आणि १८८८ साली पारशी संघ थेट विलायतेस जाऊन आले आणि १८९२ पासून युरोपियन विरुद्ध पारशी असा प्रेसिडेन्सी सामना सुरू झाला. मैदानासाठी जागा हवी असे सरकारास सांगावयाचे तर कोणाच्या नावाने सांगावयाचे? पारशांनी पारशी जिमखान्याच्या नावाने सांगितले; मग १८९२ साली इस्लाम जिमखाना आणि १८९४ साली हिंदू जिमखाना निघाला. समुद्र हटवून काढलेल्या जागेवर, केनेडी सी फेसच्या कडेने, हे जिमखाने एकापुढे एक उभे राहिले. सरकारने जागा जातवार दिली, म्हणून संघ जातवार झाले, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. धर्माभिमान आधी आणि मैदान मागाहून असे झाले नाही. पट्ट्याने मिळालेल्या जमिनीच्या तुकड्यांनी संघांच्या सीमा पक्क्या केल्या.

त्या सीमांत सर्वांची सोय लागली असेही नाही. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांस १०९ धावांनी हरविले, त्या विजयाचा मोठा वाटेकरी पालवणकर बाळू. हा चर्मकार समाजातील गोलंदाज. पुण्याच्या मैदानावर इंग्रजांना चेंडू टाकून त्याने आपली कला घडविली. परंतु तेथील हिंदू क्लबात खेळताना त्याला चहा वेगळ्या मातीच्या भांड्यातून, तोही मंडपाबाहेर, मिळत असे. हिंदू म्हणून जिंकावयाचे आणि हिंदू म्हणून बाहेर बसावयाचे! १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली विलायतेस गेलेल्या संघात बाळूने ११४ बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद पालवणकर घराण्यास मिळावयास १९२३ साल उजाडावे लागले. ते मिळाले बाळूच्या धाकट्या भावास, विठ्ठलला. मग म्हसावदच्या आसपासच्या एखाद्या भिल्ल वा पावरा मुलाने कोणत्या जिमखान्याच्या दारी जावयाचे होते? त्याचे उत्तर त्या रचनेत शोधूनही सापडत नाही.

१९०७ साली हिंदू आले, सामने तिरंगी झाले. १९१२ साली मुसलमान आले, चौरंगी झाले. मुंबईस सामन्यांचा आठवडा म्हणजे सणच. कचेऱ्या ओस पडत, तंबू व कनाती उभ्या राहत, झाडांवर माणसे चढत. १९२६ च्या डिसेंबरात एम. सी. सी.च्या विलायती संघाविरुद्ध हिंदूंकडून सी. के. नायडू यांनी ११ षटकारांसह १५३ धावा काढल्या, त्या दिवसाची वर्णने वृद्ध माणसे पुढे अनेक वर्षे सांगत असत. १९३४ पासून बॉबी तल्यारखान यांचा आवाज रेडिओवरून ऐकू येऊ लागला. हा गृहस्थ एकटाच दिवसभर बोलत असे, दम घ्यावयासही न थांबता. आणि ज्याने मैदान कधी पाहिले नाही असा माणूसही आता एका बाजूचा झाला. सामन्यांना तिकीट होते, तंबूतील जागांना भाव होता. या एका आठवड्याच्या उत्पन्नावर जिमखान्यांचा पुष्कळ खर्च निघे.

याच सुमारास दुसरी रचना पुढे आली. क्रिकेट नियामक मंडळ १९२८ साली स्थापन झाले होते. त्याने १९३४ साली नकाशा समोर ठेवून देशाचे पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण असे विभाग पाडले आणि प्रांत व संस्थाने यांचे सामने सुरू केले. पतियाळाच्या महाराजांनी नुकत्याच दिवंगत झालेल्या रणजितसिंहजींच्या नावाने चषक दिला. पहिला सामना १९३४ च्या ४ नोव्हेंबरास मद्रासेत मद्रास आणि म्हैसूर यांच्यात झाला आणि त्याच दिवशी संपलाही. १९३५-३६ पासून विद्यापीठांचेही सामने रोहिंटन बारिया चषकासाठी होऊ लागले. तत्त्वतः ही रचना अधिक शहाणपणाची होती यात शंका नाही. महाराष्ट्र संघाचे कर्णधार प्रा. दि. ब. देवधर हे पुण्यातील संस्कृतचे अध्यापक. त्यांच्या हाताखाली सांगलीचा ख्रिस्ती तरुण विजय हजारे खेळला. १९३९-४० साली पुण्यास बडोद्याविरुद्ध हजारे यांनी नाबाद ३१६ धावा केल्या आणि त्या वर्षी व पुढच्याही वर्षी महाराष्ट्राने रणजी चषक जिंकला. इंदूरकडे नायडू आणि मुश्ताक अली एकाच होळकर संघात खेळू लागले. मुंबईत हेच दोघे समोरासमोर उभे राहत.

परंतु रणजी सामन्यांना गर्दी कोठून आणावयाची? प्रांताचा अभिमान कागदावर नवा होता, गेटचे उत्पन्न तुटपुंजे होते. ही तूट भरून निघाली संस्थानिकांच्या थैलीतून. नवानगरने १९३६-३७ साली चषक जिंकला तेव्हा त्यांचा कर्णधार होता विलायतेच्या ससेक्स परगण्यातील पगारी खेळाडू वेन्सली. हजारे १९४१ नंतर महाराष्ट्र सोडून बडोद्याकडे गेले, कारण बडोद्याने त्यांना नोकरी दिली. महाराष्ट्र संघाजवळ देण्यासारखे होते ते टाळ्याच. १९४५ च्या अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध होळकरांकडून नाबाद २४९ धावा काढणारा डेनिस कॉम्प्टन हा तर लष्करी नोकरीत महूस येऊन पडलेला इंग्रज. प्रांतवार म्हणविणाऱ्या या रचनेत खेळाडू कोणत्या प्रांताचा हे पुष्कळदा त्याचा पगार कोठून येतो यावरून ठरत होते.

आता १९३७ सालाकडे वळू या, कारण सगळ्या प्रकरणाचे मर्म त्या वर्षात आहे. क्रिकेट क्लब ऑफ इंडियाने बॅकबेच्या भरावावर साडेतेरा रुपये चौरस वारप्रमाणे नव्वद हजार चौरस वार जागा घेतली आणि ब्रेबर्न स्टेडियम उभारले. गव्हर्नर लॉर्ड ब्रेबर्न यांनी १९३६ च्या मे महिन्यात कोनशिला बसविली; पुढच्या वर्षी मैदान तयार झाले. आजवर सामने बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर होत. तेथे देशी माणूस खेळावयास चाले, सभासद म्हणून चालत नसे. आता देशी लोकांनी बांधलेले भव्य मैदान मिळाले आणि सामने तेथे गेले. त्याच वेळी ख्रिस्ती, यहुदी इत्यादींचा 'इतर' नावाचा पाचवा संघ घेण्यात आला. चौरंगीचे पंचरंगी झाले! आणि नेमक्या त्या पहिल्या पंचरंगीत हिंदू संघ उतरलाच नाही.

का उतरला नाही? धर्मवार क्रिकेट अनिष्ट आहे असा साक्षात्कार झाला म्हणून नव्हे. तंटा होता खुर्च्यांचा. नव्या मैदानावर कोणत्या जिमखान्यास किती जागा मिळावयाच्या यावरून बोलणी फिसकटली; हिंदू जिमखान्यास आपला वाटा अपुरा वाटला आणि त्याने अंग काढून घेतले. नाव पंचरंगी, मैदानावर मात्र चारच संघ. विजय मुसलमानांचा झाला. पुढच्याच वर्षी हिंदू परत आले. ज्यांना हा समाजाचा मानापमान वाटत होता त्यांनी हिशेबाची वही पाहिली असती तर त्यांचा राग थोडा निवळला असता.

१९४० चा बहिष्कार वेगळ्या जातीचा होता. वैयक्तिक सत्याग्रहात माणसे तुरुंगात जात होती. हिंदू जिमखान्याचे प्रतिनिधी वर्ध्यास गांधीजींना भेटले. महाविद्यालयांचे, संस्थांचे सामने आपण समजू शकतो, पण हिंदू, पारशी, मुसलमान असे संघ कशाकरिता, हे आपल्याला कधी उमगले नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. 'बॉम्बे क्रॉनिकल'ने या सामन्यांविरुद्ध आधीपासूनच झोड उठविली होती. हिंदू संघ त्या वर्षी खेळला नाही. परंतु १९४१ साली तो पुन्हा मैदानात होता, आणि जिंकलाही. गांधीजींचे म्हणणे कोणी खोडून काढले होते असे नाही. स्टेडियम भरत होते, एवढेच.

सामन्यांचे समर्थन करणारेही सगळे लोभी नव्हते, हे न्यायाने म्हटले पाहिजे. मैदानावर दंगा होत नाही, उलट प्रतिपक्षाच्या चांगल्या खेळास टाळ्या पडतात, असे ते सांगत. आणि १९४४ साली के. सी. इब्राहिम यांच्या नाबाद १३७ धावांच्या बळावर मुसलमान संघाने हिंदूंना अवघा एक गडी राखून हरविले, तेव्हाचा खेळ पाहणाऱ्यांना हे पटलेही असेल. त्याआधी १९४३ चा अंतिम सामना. हिंदूंनी ५ बाद ५८१ वर डाव सोडला, त्यात विजय मर्चंट नाबाद २५०. 'इतर' संघाने दुसऱ्या डावात ३८७ धावा केल्या आणि त्यांतील ३०९ एकट्या विजय हजाऱ्यांच्या! धाकटा भाऊ विवेक दुसऱ्या टोकास उभा होता. दोघांच्या ३०० धावांच्या भागीत त्याच्या २१. पुण्यास ज्याला सारे 'आपला' म्हणत, त्याच्या नावापुढे मुंबईच्या धावफलकावर 'इतर' हा शब्द होता.

शेवट झाला तो १९४५-४६ च्या हंगामाने. १९४६ साली देशात आणि मुंबईत रक्तपात सुरू झाला आणि धर्माच्या नावाने मैदान भरविणे कोणासच परवडणारे राहिले नाही. पुढच्या हंगामात त्याच्या जागी विभागवार चौरंगी सामने भरविण्यात आले. खेळाडू बहुतेक तेच, मैदानही तेच. पूर्वीची गर्दी मात्र तिकडे वळली नाही. पुढे संस्थाने विलीन झाली आणि थैल्याही आटल्या. १९४४-४५ ते १९५४-५५ या ११ हंगामांत दहादा अंतिम सामना गाठणारा होळकर संघ नावासकट इतिहासजमा झाला आणि त्याची जागा आधी मध्य भारताने, मग मध्य प्रदेशाने घेतली.

हा प्रकार आपल्याकडचाच आहे असे कोणी समजू नये. अमेरिकेत विद्यापीठांचे संघ गटागटाने खेळतात. गटाला तेथे कॉन्फरन्स म्हणतात. पॅसिफिक किनाऱ्यावरील एक गट १९१५ पासून चालत आला होता. दूरचित्रवाणीच्या हक्कांचे पैसे दुसऱ्या गटांत अधिक मिळू लागले तेव्हा २०२४ साली बारांपैकी दहा विद्यापीठे तो सोडून गेली. त्यांपैकी स्टॅनफर्ड आणि बर्कली ही कॅलिफोर्नियातील दोन विद्यापीठे जाऊन बसली ती अटलांटिक किनाऱ्याच्या नावाने चालणाऱ्या गटात. तेथील विद्यार्थी आता सामन्यासाठी सबंध खंड ओलांडून जातात. मुंबईत गट पाडणाऱ्यांच्या हाती जमिनीचा पट्टा आणि खुर्च्यांचा वाटा होता. तेथे प्रक्षेपणाचा करार आहे.

म्हसावदच्या तरुणाची वाट आजही पुण्याकडे जाते. सुरत आणि इंदूर ही दोन्ही शहरे त्याला पुण्याहून कितीतरी जवळ आहेत. परंतु सुरत पडते गुजरात संघात आणि इंदूर मध्य प्रदेशात. जिल्ह्याच्या संघातून निवड झाली की घाट चढून, चारशेच्या आसपास किलोमीटर तुडवून, त्याने पुण्याचे मैदान गाठावयाचे आहे.